उसनं घेतलेलं, आपलं झालेलं: धर्म आणि संस्कृतींच्या देवाणघेवाणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मांचा इतिहास हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काही रागाने. "आमचं त्यांनी चोरलं" आणि "तुमचं सगळं बाहेरून आलंय" ही दोन वाक्यं तर मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो. एखादी गोष्ट कुठून आली हे शोधायला मला आवडतं, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे: ती ज्यांच्या हातात पडली, त्यांनी तिचं काय केलं?

एक धर्म दुसऱ्याकडून घेतो, म्हणजे नेमकं काय घेतो?

सिद्धान्त बहुधा सगळ्यात शेवटी. आधी जातात त्या हातात धरता येणाऱ्या वस्तू आणि तोंडात बसणारे शब्द: मूर्ती घडवायची पद्धत, कमान, गोष्ट, गाण्याची चाल, दिवस मोजायची रीत. सिद्धान्ताला राखणदार असतात, गोष्टीला नसतात. व्यापारी, भिक्षू, सैनिक, युद्धकैदी, लग्न होऊन परमुलखात गेलेल्या मुली, या सगळ्यांच्या सामानात ती न सांगता सवरता जाते.

एक शब्द बघा. प्राचीन इराणी भाषेत 'पइरिदएझ' म्हणजे भिंतीने वेढलेली बाग. इराणी राजांच्या अशा बागा ग्रीकांनी पाहिल्या आणि 'पारादेइसोस' हा शब्द उचलला. हिब्रूत तो 'पर्देस' झाला. पुढे हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर करताना एदेनच्या बागेसाठी हाच शब्द वापरला गेला, आणि राजाची बाग देवाची बाग झाली. इंग्रजीतला 'पॅरडाइज' आणि अरबीतला 'फिर्दौस' हे दोन्ही शब्द त्याच भिंतीआडून आलेले आहेत.

दोन धर्मांत सारखेपणा दिसला की एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं समजायचं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. सारखेपणाची कारणं निरनिराळी असू शकतात. वरच्या 'पइरिदएझ'मधलं 'पइरि' आणि संस्कृतमधलं 'परि' सारखं आहे, दोन्हींचा अर्थ 'सभोवती'. पण ते कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. ही एकाच जुन्या भाषेची भावंडं. उलट इजिप्तचे पिरॅमिड आणि मेक्सिकोचे पिरॅमिड यांचं काहीच नातं नाही. दगड उंच रचायचा तर खाली रुंद आणि वर निमुळता रचावा लागतो, एवढंच.

उसनवारी सिद्ध करायची तर वाट दाखवता आली पाहिजे. कोणी आणलं, कधी, कुठल्या रस्त्याने, कुठल्या भाषेतून? आणि सगळ्यात भरवशाचा साक्षीदार असतो तो म्हणजे चूक. दोघांनी स्वतंत्रपणे एकच बरोबर उत्तर काढणं शक्य आहे. एकच विचित्र चूक दोघांकडे असेल, तर वही पाहिलेली असते.

त्रिकोणमितीतला 'साईन' हा शब्द अशाच चुकीतून जन्मला. संस्कृतमध्ये धनुष्याच्या दोरीला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी. अरब गणितज्ञांनी 'जीवा' हा शब्द तसाच घेतला आणि 'जीब' असा लिहिला. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे नंतरच्या वाचकांनी तीच अक्षरं 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खोळ. आपल्या ओळखीचा 'जेब' तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा लॅटिन शब्द ठेवला, 'सायनस'. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली आणि 'साईन' होऊन बाहेर पडली. तिन्ही भाषांतून प्रवास झाल्याचा याहून पक्का पुरावा कुठला हवा?

वारांची नावं सगळीकडे एकाच क्रमाने कशी?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. लॅटिनमध्ये हाच क्रम. जपानीतही हाच: तिथे मंगळ हा अग्नीचा तारा आणि गुरू हा लाकडाचा तारा, म्हणून मंगळवार 'आगीचा' आणि गुरुवार 'लाकडाचा'. पण हा क्रम आला कुठून? आकाशात तर ग्रह असे रांगेत नाहीत.

सात दिवसांचा आठवडा ज्यू परंपरेत आधीपासून होता, पण तिथे वारांना ग्रहांची नावं नव्हती. ग्रहांचा भाग ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषातून आला. आकाशात फिरणारे सात गोल सर्वांत संथ ते सर्वांत वेगवान असे मांडले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. मग दिवसाच्या प्रत्येक तासाचा एक स्वामी ठरवला. पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, असं करत चोवीस तास मोजायचे. साताची तीन आवर्तनं झाली की एकवीस तास संपतात आणि तीन उरतात. ते तीन तास शनी, गुरू, मंगळ यांना गेले की दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा येतो. ज्याचा पहिला तास, त्याचा दिवस. शनिवारनंतर रविवार. तसंच पुढे मोजलं की सोमवार. स्वतः कागदावर मांडून बघा, दोन मिनिटांत हिशेब जुळतो.

या तासाला ग्रीकमध्ये 'होरा' म्हणत. संस्कृत ज्योतिषातही तो 'होरा'च आहे. 'केंद्र' हा आपला रोजचा शब्दसुद्धा ग्रीक 'केंत्रोन'वरून आला आहे. त्याचा अर्थ टोकदार अणी, कंपासचं कागदात रुतवलेलं टोक. आज 'केंद्र सरकार' म्हणताना कोणाच्या मनात कंपास येत नाही, आणि तो न येणं हीच शब्द आपला झाल्याची खूण.

भारतात तारखेसोबत वार कोरलेला सुरुवातीचा प्रसिद्ध लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे, इ.स. ४८४ च्या सुमाराचा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला. वार आहे गुरुवार. त्याआधीच्या शेकडो वर्षांच्या लेखांत तिथी आणि नक्षत्रं भरपूर सापडतात, वार सापडत नाहीत.

मग उसनं घेतल्याचं कोणी मोकळेपणाने कबूल केलं होतं का?

हो, आणि ज्यांनी केलं ते लहान माणसं नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलं आहे की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेलं आहे आणि म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो.

साधारण शतकभराने याचा आरसा दुसरीकडे दिसतो. युफ्रेटिस नदीकाठच्या मठातला सेव्हेरस सेबोख्त हा सीरियाई बिशप इ.स. ६६२ मध्ये लिहितो की ज्ञान फक्त ग्रीकांचंच असं समजणाऱ्यांनी हिंदूंचं गणित पाहावं. ते नऊ चिन्हांनी सगळा हिशेब करतात आणि त्याचं कौतुक शब्दांत मावत नाही. एक माणूस ग्रीकांचं श्रेय ग्रीकांना देतो, दुसरा ग्रीकांच्या भाषेत वाढलेल्या जगात बसून भारताचं श्रेय भारताला देतो. दोघांचीही आपापल्या धर्मावरची निष्ठा यामुळे कमी झालेली दिसत नाही.

एखादी गोष्ट धर्म ओलांडून जाते, याचं पूर्ण उदाहरण मिळेल का?

सेंट जोसाफात. मध्ययुगीन युरोपात घरोघरी माहीत असलेली ही संतकथा अशी: भारतातला एक राजा. ज्योतिषी सांगतात, तुझा मुलगा राज्य सोडून संन्यास घेईल. राजा मुलाला महालात कोंडून वाढवतो, दुःखाचं दर्शनही होऊ देत नाही. एक दिवस राजपुत्र बाहेर पडतो, त्याला आजारी माणूस दिसतो, म्हातारा दिसतो, मृत्यू म्हणजे काय ते कळतं. मग बारलाम नावाचा तपस्वी त्याला ख्रिस्ती धर्माची दीक्षा देतो.

वाचताना कथा ओळखीची वाटली ना? ती सिद्धार्थ गौतमाचीच आहे. नावाचा माग काढला की रस्ताही दिसतो. 'बोधिसत्त्व' मध्य आशिया आणि इराणमार्गे अरबीत 'बूदासफ' झाला. अरबीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ब' आणि 'य' यांत फरक फक्त टिंबाचा: 'ब'खाली एक, 'य'खाली दोन. कुणा लेखनिकाचं टिंब इकडचं तिकडे झालं आणि 'बूदासफ'चा 'यूदासफ' झाला. जॉर्जियन भाषेत तो 'योदासफ', ग्रीकमध्ये 'योआसाफ', लॅटिनमध्ये 'जोसाफात'. लॅटिन भाषांतर १०४८ चं. कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवस मिळाला. युरोपातल्या अभ्यासकांना या कथेचं खरं मूळ कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तोवर कितीतरी भाविकांनी नकळत बुद्धापुढे हात जोडले होते.

मला या कथेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की वाटेतल्या प्रत्येकाने तिचा शेवट बदलला, पण महालाबाहेर पडलेला तो मुलगा मात्र कुणी बदलला नाही.

म्हणजे कुठल्याच धर्माचं स्वतःचं असं काही नाही का?

आहे. विटा कुठल्याही भट्टीतल्या असोत, घर बांधणाऱ्याचं असतं. वस्तू कुठून आली यावरून तिचा अर्थ ठरत नाही.

घेणारा नुसती नक्कल करतो का?

क्वचित. ग्रीकांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून अक्षरं घेतली तेव्हा त्या लिपीत फक्त व्यंजनं होती. फिनिशियन भाषेतले काही कंठ्य उच्चार ग्रीक भाषेत नव्हतेच. ती अक्षरं रिकामी पडली, तर ग्रीकांनी त्यांत स्वर बसवले. 'आलेफ' म्हणजे बैल. त्या अक्षराचं आद्य रूप म्हणजे बैलाचं शिंगांसकट डोकं. ग्रीकांकडे ते 'आल्फा' झालं, स्वर झालं आणि फिरत फिरत उलटं झालं. रोमन लिपीतला मोठा 'ए' उलटा धरून पाहिला तर दोन शिंगं आजही दिसतात.

शिल्पातही हेच घडलं. बुद्धाच्या निर्वाणानंतर कित्येक शतकं त्याला मानवी रूपात दाखवायची रीत नव्हती. रिकामं आसन, बोधिवृक्ष, पावलांचे ठसे, चक्र, एवढ्यावर भागवत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत मथुरा आणि गांधार या दोन्हीकडे मूर्ती घडू लागल्या. गांधारच्या कारागिरांसमोर ग्रीक-रोमन शिल्पाचे नमुने होते, म्हणून तिथल्या बुद्धाच्या चिवराच्या चुण्या रोमन पुतळ्यांसारख्या पडतात. बुद्धाचा रक्षक वज्रपाणी दाखवायचा तर बलदंड माणूस हवा. ग्रीकांकडे तयार होता: सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस. हातातली गदा गेली, वज्र आलं. हा दांडगा रक्षक बौद्ध धर्माबरोबर चीन ओलांडून जपानला पोचला. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या महाद्वारात १२०३ मध्ये घडवलेले दोन अक्राळविक्राळ लाकडी द्वारपाल उभे आहेत, ते याच कुळातले. त्यांना पाहून कुणाला ग्रीस आठवणार नाही. वाट मात्र तिथवर जाते.

अवलोकितेश्वराचं तर चीनमध्ये रूपच पालटलं. भारतातला हा पुरुष बोधिसत्त्व तिथे हळूहळू करुणामयी देवी ग्वानयिन झाला. चिनी भाविकांना आईची माया हवी होती, आणि ती त्यांनी त्याच्यात पाहिली. याला बिघाड म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

भाषांतरकारांचं नाव फारसं कोणी का घेत नाही?

घ्यायला हवं. माझ्या मते संस्कृतींच्या इतिहासात सेनापतींपेक्षा भाषांतरकारांनी जास्त मुलूख जोडला आहे.

कुमारजीव मध्य आशियातल्या कुचा या राज्यातला. वडील भारतीय, आई तिथली राजकन्या. चिनी सेनापतीने त्याला पकडून नेलं आणि सतरा-अठरा वर्षं अडकवून ठेवलं. त्या बंदिवासात तो चिनी शिकला. इ.स. ४०१ मध्ये तो चीनमधल्या छांगआन शहरात पोचला आणि तिथे मोठ्या मंडळीबरोबर बसून बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करू लागला. त्याच्या आधीच्यांनी निर्वाणासाठी ताओ पंथातले शब्द वापरले होते, त्यामुळे बुद्ध कुणा ताओवादी साधूसारखा बोलायचा. कुमारजीवाने ते पुन्हा घासूनपुसून घेतलं. त्याची भाषा इतकी ओघवती आहे की दोनशे वर्षांनी श्वेनत्सांगने, म्हणजे आपल्या ओळखीच्या ह्युएनत्संगने, जास्त काटेकोर भाषांतरं केली, तरी लोकांच्या ओठांवर बऱ्याच ठिकाणी कुमारजीवच राहिला. तरीही भाषांतर म्हणजे चावलेला भात दुसऱ्याला भरवणं, असं त्याने म्हटल्याचं त्याच्या चरित्रात नोंदवलेलं आहे. स्वतःच्या कामाबद्दल इतकं कडक बोलणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

बगदादचा हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती वैद्य. त्याने नवव्या शतकात मुस्लीम आश्रयदात्यांसाठी गॅलनचे ग्रीक वैद्यकग्रंथ सिरियाक, म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा, आणि अरबीत आणले. त्याची पद्धत अशी की एकाच ग्रंथाच्या जमतील तितक्या हस्तलिखित प्रती गोळा करायच्या, ताडून पाहायच्या आणि मगच भाषांतराला हात घालायचा. गॅलनच्या एका ग्रंथासाठी तो इराक, सीरिया, पॅलेस्टाईन पालथं घालत थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेला. शेवटी दमास्कसमध्ये हाती लागला तो जेमतेम अर्धा. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. पुढे बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोमध्ये जेरार्ड ऑफ क्रेमोना याने अरबीतले सत्तरच्या आसपास ग्रंथ लॅटिनमध्ये नेले, आणि युरोपला स्वतःच्याच जुन्या ग्रीक विद्येतला मोठा भाग अरबीच्या हातून परत मिळाला.

नवीन गोष्ट आली की लोक विरोध करत नाहीत का?

करतात, आणि विरोधाला कधीकधी कारणही असतं. भारतीय अंक अरबांमार्फत भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचले होते. पिसाचा लिओनार्दो, म्हणजेच फिबोनाची, आजच्या अल्जीरियातल्या एका बंदरात ते शिकला आणि १२०२ मध्ये त्याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो 'भारतीयांचे नऊ अंक' देतो ते ९ पासून १ पर्यंत, उलटे. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या शिक्षकांची ही खूण मानली जाते.

तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली. रक्कम रोमन अंकांत किंवा अक्षरी लिहा. शून्याला शेपूट जोडली की सहा किंवा नऊ करता येतो, ही भीती खोटी नव्हती. पण सोय भीतीवर मात करते. बंदी विरली, शून्य राहिलं. 'शून्य'चं अरबीत 'सिफ्र' झालं, लॅटिनात 'झेफिरुम', आणि तिथून 'झीरो'.

ही देवाणघेवाण नेहमी प्रेमाने होते का?

मुळीच नाही, आणि ते लपवणं मला अप्रामाणिक वाटतं.

कधी ती धोरणाने होते. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला पत्र लिहून सांगितलं की तिथली देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. आपलं देऊळ उभं दिसलं की लोक ओळखीच्या जागी आपणहून येतील. त्याच वर्षी तिथल्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने देवळं पाडायला सांगितलं होतं, म्हणजे दरम्यान त्याने आपलं मत बदललं. रोममधलं पँथिऑन ६०९ मध्ये चर्च झालं. ती इमारत इतकी शाबूत राहिली याचं एक कारण तेच.

आणि कधी ती साखळदंडांतून होते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या योरुबा लोकांवर कॅथलिक धर्म लादला गेला. त्यांनी आपले ओरिशा, म्हणजे देव, कॅथलिक संतांच्या रूपात पाहायला सुरुवात केली. चांगो हा गडगडाटाचा आणि विजेचा देव, पराक्रमी राजा. त्याची जोडी लावली सेंट बार्बरा या कुमारिकेशी. का? तिचा छळ करणाऱ्या बापावर वीज कोसळली होती, चित्रांत तिचं वस्त्र लाल आणि हातात तलवार, आणि चांगोचाही रंग लालच. मालकाला संत दिसायची, पूजणाऱ्याला राजा दिसायचा. क्युबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. चांगोची पूजा आजही चालू आहे. याला 'सुंदर संगम' म्हणताना माझी जीभ अडखळते. ते जिवावरच्या प्रसंगात जपून ठेवलेलं धन आहे.

२५ डिसेंबर हा सूर्यदेवाचा सण होता आणि ख्रिस्ती लोकांनी तो उचलला, हे खरं का?

ठामपणे म्हणता येत नाही. रोमन सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'च्या उपासनेला राजाश्रय दिला. ३५४ च्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरला सूर्याचा उत्सवही आहे आणि ख्रिस्तजन्मही. पण दुसरी उपपत्ती अशी की काही ख्रिस्ती गणिती मरियेला गर्भ राहिल्याचा दिवस २५ मार्च धरत होते, आणि त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबरच येतो. दोन्ही बाजूंना जाणकार अभ्यासक आहेत. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'ही घ्या चोरी' छापाच्या चित्रांवर मात्र विश्वास ठेवू नका.

एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येतं का?

जपानने प्रयत्न केला होता. सहाव्या शतकात कोरियातल्या बेक्जे राज्याकडून बौद्ध धर्म जपानला पोचला आणि तिथल्या जुन्या शिंतो धर्मातल्या 'कामी' दैवतांशी त्याची सोयरीक जमली. कामी म्हणजे बुद्ध-बोधिसत्त्वांचीच इथली रूपं, असा विचार रूढ झाला. एकाच आवारात मंदिरही आणि शिंतो देवस्थानही. आपली सरस्वती तिथे वीणेऐवजी 'बिवा' घेऊन बेनझाइतेन झाली आणि पाण्याकाठी वसली.

१८६८ मध्ये नव्या सरकारने हुकूम काढला: शिंतो आणि बौद्ध वेगळे करा. हजार वर्षांची वीण उसवायला निघाल्यावर कापड फाटणारच. हुकुमापाठोपाठ उसळलेल्या लाटेत असंख्य बौद्ध मूर्ती, ग्रंथ, घंटा नष्ट झाल्या. कामाकुरातल्या प्रसिद्ध हाचिमान देवस्थानाच्या आवारातल्या बौद्ध वास्तू पाडून टाकल्या. ठिकठिकाणी बेनझाइतेनच्या जागी शिंतो देवतेचं नाव लावावं लागलं. एनोशिमा बेटावर लोक तरीही तिला बेनतेन म्हणूनच हाक मारतात.

सगळ्यांकडून घेणारा धर्म जास्त टिकतो का?

मानीचं उदाहरण याच्या उलट सांगतं. इ.स. २१६ मध्ये बाबिलोनियात जन्मलेल्या मानीने बुद्ध, झरथुष्ट्र आणि येशू या तिघांचा वारस म्हणून स्वतःला पुढे केलं. त्याचा धर्म उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरला. तरुणपणी संत ऑगस्टिन नऊ वर्षं त्यात होता. आज तो धर्म उरलेला नाही. राज्याचा पाठिंबा जिथे जिथे गेला तिथे तिथे छळ झाला, आणि टिकायला गावोगाव रुजलेली मुळं लागतात. चीनच्या फूज्येन प्रांतातल्या त्साओआन मंदिरात मात्र चौदाव्या शतकातली मानीची दगडी मूर्ती आहे, दाढी असलेली. आसपासचे लोक पिढ्यानपिढ्या तिला बुद्ध समजून हात जोडत आले. आपला धर्म विरला तरी मानी असा दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात राहिला.

धर्मामुळे तंत्रज्ञान पुढे गेलं असं म्हणता येईल का?

छपाईच्या बाबतीत नक्की. सूत्राच्या प्रती काढणं हे बौद्धांना पुण्यकर्म. हाताने किती काढणार? म्हणून लाकडी ठसे. तारीख छापलेलं सर्वांत जुनं उपलब्ध पुस्तक म्हणजे ८६८ मधलं वज्रसूत्र. संस्कृतमधला ग्रंथ, कुमारजीवाचं चिनी भाषांतर, चिनी कागद. शेवटच्या ओळीत लिहिलं आहे की वांग ज्ये याने आईवडिलांच्या नावाने, सर्वांना फुकट वाटण्यासाठी हे करवून घेतलं.

हे सगळं कळल्यावर श्रद्धा डळमळीत होत नाही का?

काहींची होते, ते मी पाहिलं आहे. पण आपल्या प्रार्थनेतला शब्द चार भाषांमधून आला हे कळलं तर प्रार्थना खोटी ठरत नाही. श्रद्धा 'आमचं सगळं आकाशातून थेट पडलं' या दाव्यावर उभी केली असेल तरच तडा जातो. मग तो दावा तपासायला हवा.

आज दुसऱ्या संस्कृतीतलं काही घ्यायचं तर काय पाहावं?

नाव सांगावं, अर्थ विचारावा, आणि ज्यांचं आहे त्यांनाच ते वापरायची बंदी किंवा लाज वाटत असेल तर आधी त्यांच्या बाजूने उभं राहावं. काही गोष्टी त्या लोकांत दीक्षेशिवाय उघड केल्या जात नाहीत. त्यांना हात लावू नये.

हे थर प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतात?

दमास्कसच्या उमय्यद मशिदीत. आधी तिथे अरामी लोकांच्या हदाद या वादळदेवाचं देऊळ होतं, मग रोमनांच्या ज्युपिटरचं, मग सेंट जॉनचं चर्च. ७०६ ते ७१५ या काळात खलिफा अल-वलीदने मशीद उभारली. भिंतींवर बायझंटाईन धाटणीची सोनेरी मोझेक चित्रं आहेत: झाडं, नदी, महाल, पण एकही माणूस नाही. आत याह्याची, म्हणजे त्याच जॉनची, समाधी आहे. दक्षिण बाजूच्या एका जुन्या दाराच्या पट्टीवर ख्रिस्ताचं राज्य चिरंतन आहे असं सांगणारी ग्रीक ओळ आजही कोरलेली आहे. तेराशे वर्षं नमाज चालू आहे, आणि कुणी ती खरवडून काढली नाही.

तेवढा प्रवास शक्य नसेल तर कुशाण राजा कनिष्काचं सोन्याचं नाणं बघा. एका बाजूला राजा, जाड कोट आणि बूट घातलेला, अग्निवेदीपुढे उभा. त्याच्या इतर नाण्यांवर याच जागी इराणी मिथ्र येतो, शिवासारखा ओएशो येतो, नना देवी येते. या नाण्यावर मागे एक उभी आकृती आहे, डोक्यामागे प्रभावळ, उजवा हात अभय देणारा. शेजारी बॅक्ट्रियन भाषेत, ग्रीक अक्षरांत नाव: 'बोद्दो'. आणि राजाच्या बाजूचा मजकूर नीट पाहिला तर ग्रीक वर्णमालेत नसलेलं एक अक्षर दिसतं. ग्रीकांना 'श' उच्चारता येत नव्हता, कुशाणांना तो रोज लागायचा, म्हणून त्यांनी तो नवा करून घेतला.